हजर, शून्य मिलिमीटर!

पाऊस मोजायला आमच्याकडे काचेचा ग्लास आहे. पण पाऊस मोजता मोजता जे किस्से साठले, ते मोजायला अजून कुणी माप काढलेलं नाही. चार महिन्यांत एवढे साठले की बायको म्हणते, "एक वेळ पाऊस थांबेल, पण तुम्ही थांबायचे नाही!" आता तिनेच असं म्हटल्यावर थांबतोय कशाला?

मी विलास. शहापूरच्या बाजारात माझं ताडपत्री, छत्र्या आणि गमबुटांचं दुकान आहे. आमचा शहापूर तालुका आणि शेजारचा मुरबाड, हे दोन मिळून मी एक छोटा देश धरतो. देश एवढासा, पण हवा प्रत्येक गावाची वेगळी. वैशाखरे माळशेज घाटाच्या रस्त्यावर, तिथे ढग विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात येतात. धसईला पाऊस भरपूर, पण शिस्तीचा. मुरबाडला बेताचा. आणि आमच्या शहापूरला लहरी! समोरच्या दुकानावर पडेल, माझ्या दुकानावर नाही. ताडपत्रीवाल्याशी त्याचं काय वैर आहे कळत नाही.

हे सगळं मोजायचं खूळ गुरुजींचं. गुरुजींनी नोकरीभर या देशातल्या सगळ्या गावांत शिकवलं आणि निवृत्त होऊन शहापूरला राहिले. आम्ही चौघे त्यांचे वेगवेगळ्या गावांतले विद्यार्थी. शहापूरचा मी, धसईचा किराणा दुकानदार बाळाराम, मुरबाडला कंपनीत असलेला सुनील आणि वैशाखऱ्याच्या हिरा वहिनी. वहिनींचा नवरा दत्तू माझं जुनं गिऱ्हाईक, म्हणून त्या माझ्या वहिनी. दोघांची भातशेती आहे.

मेच्या अखेरीस गुरुजींनी आम्हा चौघांना एकेक पर्जन्यमापक दिला. वर पत्र्याचं नरसाळं, खाली बाटली, आणि मोजायला आकडे कोरलेला काचेचा ग्लास. रोज सकाळी साडेआठला गुरुजी व्हॉट्सअॅप ग्रुपवर हजेरी घेणार. "वैशाखरे?" की वहिनींनी लिहायचं, "हजर, ऐंशी मिलिमीटर." "शहापूर?" की मी लिहायचं, "हजर, शून्य मिलिमीटर." एक जून ते तीस सप्टेंबर. ज्याचा एकही खाडा होणार नाही, त्याच्या वहीवर गुरुजी स्वतः लाल शाईने लिहिणार, "पूर्ण हजेरी."

बस. बक्षीस एवढंच! पण सांगतो, माझं डोकं अर्धं टकलं झालंय, बाळाराम आजोबा झालाय, आणि तरी त्या लाल शाईसाठी आम्ही सगळे शाळकरी पोरांसारखे हपापलो होतो.

*

पहिला किस्सा बाळारामचा. त्याच्या भाच्याचा साखरपुडा मुरबाडला, जून संपता संपता. धसईत सकाळपासून मुसळधार. बाळारामने नवा सदरा घातला, त्यावर रेनकोट, पायात गमबूट, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीवर टोपी, असा जामानिमा करून तो एसटीत बसला.

मुरबाडला उतरला तर लख्ख ऊन! रस्त्यावर लोक गॉगल लावून फिरतायत. आता रेनकोट काढावा तर त्याची चेन अडकलेली. ओढ ओढ ओढली, पण हूं नाही की चूं नाही. शेवटी तसाच घामाघूम होऊन तो मुलीच्या घरी पोचला.

दारात मुलीचे काका स्वागताला उभे, हातात गुलाबपाण्याची झारी. त्यांनी बाळारामला गमबुटापासून पिशवीपर्यंत पाहिलं, झारी पाठीमागे घेतली आणि म्हणाले, "संडासाची टाकी मागच्या बाजूला हाय. तिकडून जा. पण आज नको, आज घरात कार्यक्रम हाय."

बाळाराम म्हणाला, "टाकी मग बघू रे, आधी नवरा मुलगा दाखव! मी त्याचा मामा हाय!"

काका एवढे ओशाळले की त्यांनी उरलेली अख्खी झारी त्याच्या रेनकोटावर रिकामी केली. बाळाराम आम्हाला सांगत होता, "त्या दिवशी मुरबाडात तेवढाच काय तो पाऊस!"

*

वहिनींचे आकडे यायला लागले तेव्हा पहिले आठ दिवस आमचा विश्वासच बसेना. शहापूर चार, मुरबाड अकरा, धसई पन्नास, आणि वैशाखरे दोनशे दहा!

सुनील जरा आगाऊ. त्याने ग्रुपवर विचारलं, "वहिनी, मधे टिंब द्यायचं राहिलं काय?"

वहिनी लिहिण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्यांनी एक व्हॉइस नोट पाठवली. मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर लावली. पूर्ण एक मिनिट नुसता पाऊस! पत्र्यावर पडणारा, धो धो, दुसरा आवाजच नाही. दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकून बाहेर बघायला गेलं आणि वाळत टाकलेली स्वतःची छत्री उचलून आत आलं. शेवटच्या दोन सेकंदांत लांबून वहिनींचा आवाज, "ऐकलं का रे सुनील?"

सुनीलने दोन दिवस ग्रुपवर आकड्यापलीकडे एक अक्षर लिहिलं नाही.

नंतर कळलं की वैशाखऱ्याला एवढा पाऊस पडतो की बाटली दुपारीच तोंडापर्यंत भरते. मग वहिनी शेतातून आवणी, म्हणजे भाताची लावणी, सोडून चिखलाच्या पायांनी घरी येतात, बाटली मोजून रिकामी करतात, वहीत लिहितात आणि परत शेतात जातात. दत्तू मला म्हणाला, "विलास, माझ्या जेवणाची वेळ चुकते, पण त्या बाटलीची नाय चुकत!"

*

खाड्यांचा श्रीगणेशा केला सुनीलने.

जुलैतली सकाळ. मुरबाडला चार दिवस ढग नुसते येऊन तोंड दाखवून जात होते. गुरुजींनी विचारलं, "मुरबाड?" सुनीलने लिहिलं, "हजर, बासष्ट मिलिमीटर!"

गुरुजींनी ताबडतोब फोन केला. "सुनील, मुरबाडला माझी बहीण राहते. तिने काल अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. बासष्ट कुठून आणलेस?"

"गुरुजी, बाटलीत आहे! मी स्वतः मोजलं! तीनदा!"

गुरुजी खरे शास्त्रज्ञ. असा अपूर्व ढग कुठून आला हे बघायला ते दुपारच्या बसने मुरबाडला हजर. सुनीलच्या घराभोवती फिरले, कौलं बघितली, पन्हळ बघितली, नरसाळ्यात डोकावले. सगळं कोरडं ठणठणीत. मग त्यांची नजर सुनीलच्या आईकडे गेली. त्या तुळशीपाशी उभ्या होत्या, हातात तांब्या, आणि गुरुजींकडे बघायचं टाळत होत्या.

"माई," गुरुजी म्हणाले, "तुळशीला पाणी घातलंत?"

"घातलं."

"आणि ह्याला?"

माईंनी तांब्या खाली ठेवला. मग त्यांचा बांध फुटला. "मंग काय करू गुरुजी? तो धसईचा बाळाराम रोज पन्नास लिवतो, ती वैशाखऱ्याची बाय दोनशे लिवते, आन् माझा पोरगा आपला सहा, चार, शून्य! सगळ्या ग्रुपात माझंच पोर मागं? एक तांब्या घातला तर काय बिघडलं?"

गुरुजींना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी वहीत सुनीलच्या नावापुढे खाडा मारला आणि खाली लिहिलं, "कारण : मातृप्रेम."

*

पुढची विकेट बाळारामची. त्याचा पर्जन्यमापक दुकानामागच्या मोकळ्या जागेत. धसईचा बाजार होता, माणसांची ही गर्दी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळारामने ग्लासात पाणी ओतलं आणि चक्रावला. पाण्यावर सात रंग! निळा, जांभळा, हिरवा, सगळे नाचतायत. त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. "हजर, चाळीस मिलिमीटर. गुरुजी, धसईला इंद्रधनुष्य पडलंय!"

माझी बायको तो फोटो बघून म्हणाली, "किती सुंदर!" मी ग्लास मोठा करून बघितला आणि म्हणालो, "मला वास येतोय."

झालं होतं असं की बाजाराच्या दिवशी एका शेतकऱ्याला पॉवर टिलरमध्ये डिझेल ओतायचं होतं. नरसाळं सापडेना. मागे गेला तर बाळारामने मोकळ्या जागेत चांगलं पत्र्याचं नरसाळं उभं करून ठेवलेलं. त्याने उचललं, डिझेल ओतलं आणि अगदी इमानदारीने जागच्या जागी परत ठेवलं. वर जाताना बाळारामला सांगूनही गेला, "शेठ, तुमचं नरसाळं लई कामाचं हाय. दर बाजाराला न्यायला येतो."

बाळारामला वाटलं, दुकानातलं नरसाळं म्हणतोय. म्हणाला, "ने की!"

नरसाळं किती वेळ जागेवर नव्हतं, तेवढ्यात किती पाऊस हुकला, आणि चाळीसातलं डिझेल किती, यातलं काहीच सांगता येईना. गुरुजींनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "धसईला हवामान केंद्र आहे की पंप?" आणि खाडा.

*

आता माझी पाळी. इतरांवर हसलो ना, मग हेही सांगायला हवं.

ऑगस्टमध्ये शहापूरने आमची चेष्टा मांडली. नऊ दिवस थेंब नाही. नऊ दिवस मी अंगणात जायचो, रिकामी बाटली बघायचो, लिहायचो, "हजर, शून्य मिलिमीटर." दहाव्या दिवशी मला लवकर दुकान उघडायचं होतं. माल यायचा होता. साडेआठला मी दुकानात, बाजारात धूळ उडतेय, आभाळ निळंशार. गुरुजींनी विचारलं, "शहापूर?" घरी जाऊन रिकामी बाटली काय बघायची? मी तिथूनच टाकलं, "हजर, शून्य मिलिमीटर."

लगेच गुरुजींचा निरोप आला. "विलास, कुठे आहेस?"

मी सराईतपणे लिहिलं, "अंगणात, गुरुजी. बाटलीसमोरच."

"छान. मीही तुझ्या अंगणात, बाटलीसमोरच आहे. आपण भेटलो कसे नाही?"

दुकान तसंच उघडं टाकलं! धावत घरी गेलो. बाजारापासून आमची आळी चालत सात मिनिटांवर. कोपरा वळलो आणि बघतो तर आळी चिंब! पन्हळी वाहतायत, बायको पायऱ्यांवरचं पाणी झाडूने लोटतेय, आणि अंगणात मधोमध गुरुजी, धोतरापासून टोपीपर्यंत भिजलेले, हातात माझा ग्लास. सकाळी फिरायला निघाले होते, आमच्या आळीत सापडले. फक्त आमच्या आळीत! बाजारात धूळ, आळीत सव्वीस मिलिमीटर!

"विलास," गुरुजी नाकावरचं पाणी पुसत म्हणाले, "हे शून्य मला जरा ओलं वाटतं."

बायको अजून आठवड्यातून एकदा हे वाक्य म्हणते. भाजी आळणी झाली असं मी म्हटलं की हमखास.

*

असे आम्ही तिघे गारद. उरल्या हिरा वहिनी. सप्टेंबर लागला तोवर त्यांच्या वहीत एकही खाडा नव्हता. ताप होता तेव्हा नाही, गावात वीज नव्हती तेव्हा नाही, मोबाईलला रेंज नव्हती तेव्हाही नाही. रेंज नसेल तर त्या टेकाडावर चढून "हजर" पाठवायच्या. आम्ही तिघांनी स्वतःचं दुःख विसरून त्यांच्यासाठी देव पाण्यात घातले.

त्याच सुमारास एक दिवस वहिनी सकाळचा आकडा पाठवून, दुपारची बाटली दत्तूवर सोपवून थेट आमच्या दारात! डोक्यावर भलं मोठं गाठोडं. मी म्हटलं, "वहिनी, काय हे?"

"भाऊ, कपडे. अकरा दिस झाले, एक कपडा सुकला नाय. चुलीवर धरले तर धुराचा वास येतो. गोधडीला तर बुरशी आली. तुमच्याकडं ऊन हाय ना?"

ऊन होतंच. कडक! वैशाखऱ्यातलं सगळं घर आमच्या गच्चीवर पसरलं. दत्तूचे शर्ट, सासूबाईंची लुगडी, गोधड्या, टॉवेल. शेजारी विचारायला आले, "विलासशेठ, ताडपत्री सोडून लाँड्री काढली का?"

वहिनी गच्चीवर उन्हात पाय पसरून बसल्या. बायकोने चहा आणला. मी सहज विचारलं, "वहिनी, गुरुजी लाल शाईने दोन शब्द लिहिणार. एवढा आटापिटा कशाला करता?"

वहिनी कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, मी गुरुजींच्या शाळेत सातवीपर्यंत होते. दर साली आवणीला आई मला घरी ठेवायची. बारकी भावंडं सांभाळायला. गुरुजी हजेरी घ्यायचे, माझं नाव आलं की पोरं वरडायची, 'आवणीला!' प्रगतीपुस्तकावर एकच शेरा, दर साली तोच. 'गैरहजेरी फार.' हुशार होते की नाय ते कुणी लिवलंच नाय. आता आवणी पण मीच करते आन् हजेरी पण मीच लावते. बघू या एकदा तरी पुरी होते का."

बायकोने त्यांच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला. खरं सांगतो, माझा खाडा झाला याचं मला त्या क्षणी पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं. शहापूरचा लहरी पाऊस, अकरा दिवस गायब असलेला, बरोबर त्याच वेळी कोसळला. सगळी गच्ची, सगळे शर्ट, सगळ्या गोधड्या! मी आणि बायको कपड्यांकडे धावलो. वहिनी विरुद्ध दिशेला, जिन्याकडे!

"वहिनी, कपडे!"

जिन्यातून त्यांचा आवाज आला, "कपडे भिजू द्या भाऊ! तुमच्या नरसाळ्यावर गोधडीचं पाणी गळतंय, आकडा चुकंल!"

कपडे होते त्यापेक्षा ओले होऊन वैशाखऱ्याला परत गेले.

*

आणि आता तीस सप्टेंबर. शेवटचा दिवस. शहापूरला गुरुजींच्या घरासमोर छोटासा कार्यक्रम ठेवला होता. मांडव माझ्या ताडपत्रीचा. पंचवीस-तीस खुर्च्या, एक टेबल, टेबलावर गुरुजींची लाल शाईची दौत आणि त्यांचा स्वतःचा मोजायचा ग्लास. बाळाराम आदल्या दिवशीच धसईहून आला होता, या वेळी साध्या कपड्यांत. सुनील आईला घेऊन आला होता. माईंना गुरुजींनी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं, नजरेसमोर.

सकाळी साडेआठला गुरुजींनी शेवटची हजेरी घेतली होती. "वैशाखरे?"

वहिनींनी लिहिलं, "हजर. आकडा घेऊन येते."

एवढंच. नुसता आकडा टाकायचा, तर तो घेऊन काय यायचा? आम्ही बुचकळ्यात पडलो. गुरुजींनी नियम स्पष्ट केला. "आजच्या दिवसात आकडा वहीत आला तर हजेरी. नाही तर खाडा. मी नियम कुणासाठी वाकवत नाही."

वैशाखऱ्याहून मुरबाड आणि मुरबाडहून शहापूर, दोन बस. वहिनी पोचल्या तेव्हा गुरुजींचं भाषण सुरू झालं होतं. मी मांडवाच्या तोंडाशी उभा. वहिनी धापा टाकत आल्या. काठापदराची साडी, एका हातात वही, दुसऱ्या हातात पिण्याच्या पाण्याची असते तशी प्लॅस्टिकची बाटली, छातीशी धरलेली.

"भाऊ," त्या कुजबुजल्या, "सकाळी गडबडीत माझा ग्लास फुटला. मोजायला काय नाय. म्हणून पाऊस तसाच बाटलीत भरून आणलाय. दोन्ही बसमधे मांडीवर धरला. एक थेंब सांडला नाय."

माझे तर डोळेच भरून आले. मी म्हटलं, "वहिनी, काळजी करू नका. गुरुजींचा ग्लास टेबलावर आहे. भाषण झालं की मोजू." आणि मी, मी स्वतः, माझ्या या हातांनी, ती बाटली नेऊन टेबलावर ग्लासाच्या शेजारी अगदी सन्मानाने ठेवली.

गुरुजींचं भाषण म्हणजे गुरुजींचं भाषण. ढग कसे बनतात तिथून सुरुवात. अरबी समुद्र, मग सह्याद्री, मग माळशेज. त्या दिवशी शहापूरला ऊन असं की ताडपत्रीखाली आम्ही शिजत होतो. पाऊण तास झाला. गुरुजींचा घसा कोरडा पडला. बोलता बोलता त्यांनी टेबलाकडे हात नेला, बाटलीचं झाकण उघडलं...

वहिनी उभ्या राहिल्या. सातवीनंतर पहिल्यांदा त्या गुरुजींच्या वर्गात ओरडल्या.

"गुरुजी, गिळू नका!"

उशीर झाला होता. चार घोट आत गेले होते. पाचवा गालात होता. तो गुरुजींनी गालातच धरला.

वहिनी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तो वैशाखऱ्याचा पाऊस हाय. मोजायचा हाय."

गुरुजींनी एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. मग शांतपणे गालातला घोट ग्लासात सोडला, बाटलीतलं उरलेलं त्यात दोनदा भरून मोजलं आणि म्हणाले, "चौदा. यात माझ्या पोटातले चार घोट मिळवायचे आहेत. सुनील, दुसरं पाणी आण. ग्लास दहापर्यंत भर. मी चार घोट घेतो, किती कमी होतं ते बघू."

सुनील पाणी घेऊन आला. गुरुजींनी ग्लास तोंडाला लावला, तेवढ्यात पहिल्या रांगेतून माई उठल्या. एक तांब्या ओतून मुलाचा खाडा करून घेतल्यापासून त्या मापाच्या बाबतीत फार काटेकोर झाल्या होत्या.

"थांबा गुरुजी! मघाशी तुमाला तहान होती. तहानेला घोट मोठा असतो. आता बारका येईल. हिराचा पाऊस कमी भरंल!"

गुरुजींनी ग्लास खाली ठेवला.

"आक्षेप बरोबर आहे," ते म्हणाले. "तहान लागली पाहिजे."

आणि त्यांनी भाषण पुढे सुरू केलं! सह्याद्रीवरून थेट हिमालयात गेले. अर्धा तास झाला. बाळाराम घाम पुसत होता. कुणी जागेवरून हललं नाही. वहिनी टेबलाशेजारी उभ्या, हातात वही, गुरुजींच्या घशाकडे टक लावून. शेवटी बंगालच्या उपसागरात गुरुजींचा आवाज चिरकला. त्यांनी हात पुढे केला.

"आता लागली. द्या."

एक, दोन, तीन, चार. मांडवातल्या सगळ्यांनी मोठ्याने मोजले. गुरुजींनी ग्लास उन्हात धरला, डोळे बारीक केले, आकडा वाचला. वहिनींच्या हातातून वही घेतली, लाल दौत उघडली, आधी वहीवर "पूर्ण हजेरी" असं उमटवलं आणि मग आपल्या त्या वळणदार अक्षरात शेवटच्या ओळीवर लिहिलं :

"तीस सप्टेंबर. वैशाखरे. हजर. अठरा मिलिमीटर. पैकी चार मिलिमीटर गुरुजींच्या पोटात."